शाळेचा धनी कोण?

ज्या पेढीत भांडवल एकाचे, किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला, खरेदी तिसऱ्याच्या हुकुमाने आणि रोजकीर्द लिहिण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही, त्या पेढीची गत काय व्हावयाची हे आमच्या व्यापारी वाचकांस कोणी शिकवावयास नको. दिवाळे निघण्यापूर्वीच शहाणा मनुष्य आपली ठेव काढून घेतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या व नगरपालिकांच्या प्राथमिक शाळांची व्यवस्था आज पुष्कळ अंशी अशाच पेढीसारखी झालेली आहे. आणि ज्यांना शक्य होते त्यांनी आपली ठेव, म्हणजे आपली मुले, तेथून केव्हाच काढून घेतली आहेत. मागे राहिली ती बहुतांशी शेतमजुराची, हमालाची, ऊसतोडणी कामगाराची, घरकाम करणाऱ्या बाईची मुले. ठेव काढून घेणाऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ही पेढी चालविण्याचा खर्च अद्यापि आपल्याच खिशातून जात आहे, हे तो विसरला आहे. आणि ज्याने हिशेब मागावयाचा तोच विसरला, म्हणजे हिशेब देणाऱ्यास आठवण कोण करून देणार? या शाळांचा खरा धनी कोण, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रथम व्यवस्था कशी आहे ते पाहू. खेड्यातील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची. तेथील शिक्षक जिल्हा परिषदेचा नोकर. परंतु त्याची निवड राज्य सरकारच्या 'पवित्र' नावाच्या संगणकीय प्रणालीतून होते, त्याच्या पगाराची रक्कम राज्याच्या तिजोरीतून येते आणि शाळेस किती शिक्षक द्यावयाचे ते राज्याच्या संचमान्यतेच्या नियमांनी ठरते. अभ्यासक्रम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा, पुस्तके बालभारतीची. समग्र शिक्षा योजनेचा पैसा दिल्ली व मुंबई येथील सरकारांनी शेकडा ६० व ४० या प्रमाणात घालावयाचा आणि तो महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत खाली यावयाचा. देखरेखीसाठी केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकारी अशी पाच पायऱ्यांची उतरंड. शहरांत जिल्हा परिषदेच्या जागी नगरपालिका अथवा महानगरपालिका आली, एवढाच काय तो फरक.

आता असे समजा की, एखाद्या शाळेत तीन इयत्ता मिळून एकच शिक्षक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांस ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असे सांगितले आहे. मुलाच्या बापाने दाद कोठे मागावी? मुख्याध्यापक म्हणतो, मी केंद्रप्रमुखांस लिहिले आहे. केंद्रप्रमुखाची जागा बहुधा रिकामी असते, आणि जेथे ती भरलेली आहे तेथे तो गटशिक्षणाधिकाऱ्याकडे बोट दाखवितो. तालुका जिल्ह्याकडे पाहतो, जिल्हा पुण्याच्या आयुक्तांकडे पाहतो, पुणे मंत्रालयाकडे पाहते, आणि मंत्रालयात वित्त विभागाच्या संमतीवाचून पद भरता येत नाही असे उत्तर मिळते. या सबंध साखळीत कोणी एक मनुष्य खोटे बोलतो असे नाही. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्यापुरते खरेच असते. परंतु इतक्या खऱ्या उत्तरांची बेरीज करूनही वर्गात शिक्षक येत नाही, हे त्या व्यवस्थेचे मर्म होय.

पैशाची हकीकतही पाहण्याजोगी आहे. शहरातील प्रत्येक मिळकतदाराने आपले घरपट्टीचे बिल एकदा नीट वाचावे. त्यात राज्य शिक्षण कर अशी एक बाब सापडेल. १९६२ च्या कायद्याने हा कर शहरांतील जमिनी व इमारती यांवर बसला असून दुकाने, वखारी व कचेऱ्या यांस राहत्या घरांपेक्षा त्याचा दर अधिक आहे. तो वसूल करते पालिका आणि भरणा होतो राज्याच्या तिजोरीत. मुंबईच्या बिलात तर महापालिकेचा शिक्षण उपकर निराळा आणि राज्याचा निराळा. याशिवाय केंद्र सरकारने २००४ साली करांवर शेकडा २ शिक्षण उपकर बसविला, २००७ साली त्यात आणखी १ ची भर घातली, आणि २०१८ पासून प्राप्तिकरावर शेकडा ४ आरोग्य व शिक्षण उपकर चालू केला. उपकराचे उत्पन्न राज्यांस वाटून द्यावयाच्या करांत धरले जात नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सारांश, व्यापारी मनुष्य शिक्षणाकरिता म्हणून एकदा नव्हे, दोनदोनदा पैसा मोजतो; पण आपल्या गल्लीतील शाळेस त्यातून वर्षास किती मिळाले, हे त्यास ठाऊक नाही, आणि ते त्यास कळावे अशी तजवीजही कोणी केलेली नाही.

पगार वजा जाता शाळेच्या हाती काय उरते? समग्र शिक्षेच्या नियमाप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,०००. एवढ्यातच खडू, फळा, किरकोळ डागडुजी, स्वच्छतागृहाची साफसफाई आणि विजेचे बिल. ही रक्कम शाळा उघडते वेळी जूनमध्ये हाती आली तर मुख्याध्यापक काही बेत तरी करू शकेल. ती वर्ष सरता सरता आली की घाईघाईने खर्च दाखविण्यापलीकडे दुसरा मार्ग राहत नाही. विजेचे बिल थकून जोडणी तुटल्याच्या आणि भिंतीवरील संगणकाचा पडदा काळा पडून राहिल्याच्या बातम्या याच व्यवस्थेची फळे होत. शिक्षकांच्या पगारावर कोट्यवधी रुपये खर्च करणारे सरकार त्या शिक्षकाच्या हाती खडूपुरता पैसा वेळेवर देत नाही, म्हणजे घोडा घेऊन नालेस पैसा नाही म्हणण्यासारखे झाले.

ही स्थिती एका दिवसात आलेली नाही. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला व त्याचा तिसरा हिस्सा शाळांकरिता राखून ठेवला गेला. पैसा रयतेचा, परंतु त्यावर रयतेची सत्ता काडीइतकीही नव्हती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले, त्यातील मुख्य गाऱ्हाणे हेच होते की, सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून निघतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. मुलांस बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. १८८४ च्या लोकल बोर्डांच्या कायद्यानंतर शाळा बोर्डांकडे आल्या, तरी खरा अंमल खात्याचाच राहिला.

१९११ च्या मार्च महिन्यात नामदार गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात आपले प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. त्या बिलाची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. सक्ती कोठे लागू करावयाची हे त्या त्या नगरपालिकेने वा जिल्हा बोर्डाने ठरवावे, आणि खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने व एक-तृतीयांश भार स्थानिक संस्थेने उचलावा, अशी त्यातील कल्पना होती. म्हणजे द्रव्यबळ मुख्यतः वरून आणि निर्णय व देखरेख खालून. १९१२ साली ते बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आरंभिलेला व १९०६ साली सबंध राज्यास लागू केलेला सक्तीचा प्रयोग डोळ्यांपुढे होताच. १९१७ साली कोल्हापुरास शाहू महाराजांनी सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा केला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या बिलाने इलाख्यातील नगरपालिकांस सक्तीचा अधिकार मिळाला. आणि १९२३ च्या कायद्याने जिल्ह्यांच्या व मोठ्या नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे शाळांचा कारभार गेला. १९४७ च्या कायद्याने सरकारचा हात पुन्हा वर आला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा प्राथमिक शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या. अशा रीतीने शंभर वर्षे हा लंबक मुंबई व गाव यांच्यामध्ये हेलकावे खात आला आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र तो एकाच बाजूस जाऊन अडकला आहे. शहरांतील शिक्षण मंडळे मोडून टाकण्याचे राज्याने २०१३ मध्ये ठरविले. त्या मंडळांच्या खरेदीविषयी पुष्कळ तक्रारी होत्या, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मुनीम लबाड निघाला म्हणून मुनीम बदलावा. वहीच फाडून टाकल्याने चोरी थांबत नाही, ती दिसेनाशी मात्र होते. मंडळाच्या सभेत निदान बातमीदार बसत असे, सभासदांत भांडण होत असे आणि त्या भांडणातून जनतेस दोन गोष्टी कळत असत. त्यानंतर २०२२ साली मुंबई महानगरपालिकेसह अनेक महानगरपालिकांची व बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत जाऊन कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याविषयी आदेश द्यावा लागला. या मधल्या वर्षांत पहिलीत गेलेले मूल चौथीच्या उंबरठ्याशी आले, आणि त्याच्या शाळेविषयी प्रश्न विचारण्यासाठी निवडून दिलेला एकही प्रतिनिधी त्या काळात त्याच्या बापास नव्हता.

कारभार दूर गेला म्हणजे काय होते, याचे ढळढळीत उदाहरण गणवेशाचे आहे. समग्र शिक्षेखाली दर गणवेशास ३०० रुपये या हिशेबाने मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीस मिळत. समिती गावातील वा तालुक्यातील कापडवाल्याकडून कापड घेई, जवळच्या शिंप्याकडून शिवून घेई, आणि सदरा आखूड झाला तर मुलाची आई दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या दारी जाऊन उभी राही. या व्यवस्थेतही दोष असतील. पण दोष कोणाचा हे गावास ठाऊक असे. 'एक राज्य, एक गणवेश' या घोषणेने २०२४-२५ साली कापडाची खरेदी राज्याच्या पातळीवर झाली व शिलाईचे काम महिला बचत गटांकडे सोपविण्यात आले. शाळा जूनमध्ये उघडल्या. कित्येक मुलांस स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी गणवेश मिळाला नाही, आणि जो मिळाला तो कोठे ढगळ तर कोठे तोकडा. बचत गटांतील बायांचा यात अपराध नव्हता. लाखो मुलांची मापे मंत्रालयातून घेता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हा निर्णय फिरविला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा समित्यांस दिला. चूक दुरुस्त केली याबद्दल सरकारचे अभिनंदन करावयास आम्ही मागे राहणार नाही. परंतु जी गोष्ट सदऱ्याविषयी खरी ठरली ती खडूविषयी, छपराविषयी आणि शिक्षकाविषयी खरी नसेल काय, हा विचार सरकारने आता पुढे न्यावा.

यावर कोणी म्हणेल की, मग सगळेच स्थानिक करा; ज्या गावाची शाळा त्याच गावाने कर बसवून चालवावी. या मार्गाचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. तेथे शाळांचे सुमारे १३ हजार स्वतंत्र जिल्हे आहेत. बहुतेकांचे मंडळ लोक निवडून देतात, ते मंडळ अधीक्षक नेमते, आणि खर्चाचा मोठा भाग त्या जिल्ह्यातील घरांच्या व जमिनींच्या करातून उभा राहतो. कर देणारा व खर्च करणारा समोरासमोर असल्याने हिशेब जागरूक राहतो, हा तिकडील मोठा गुण. परंतु दोषही तेवढाच मोठा आहे. टेक्सास संस्थानातील सॅन अँटोनिओ शहरात एजवुड हा गरिबांचा शाळाजिल्हा आणि अलामो हाइट्स हा श्रीमंतांचा. १९६७-६८ साली एजवुडच्या लोकांनी १०० डॉलरच्या मिळकतीवर १ डॉलर ५ सेंट कर दिला आणि दर मुलामागे उत्पन्न झाले २६ डॉलर. अलामो हाइट्सने ८५ सेंटच दर ठेवला आणि दर मुलामागे ३३३ डॉलर उभे राहिले. अधिक कर देऊन गरीब गरीबच राहिला. हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७३ साली ५ विरुद्ध ४ न्यायाधीशांच्या मताने असा निकाल झाला की, शिक्षण हा त्या देशाच्या घटनेतील मूलभूत हक्क नव्हे व ही विषमता घटनाबाह्य नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात याच्या उलट, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचा तो मूलभूत हक्क आहे असे ठरविले, आणि २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ते घटनेत लिहिले गेले. तेव्हा मेळघाटच्या मुलाचे शिक्षण मेळघाटच्या घरपट्टीवर सोडून देण्याची वाट आपल्यास खुली नाही, आणि ती नसावी हेच योग्य. पैसा सर्व राज्याने एकत्र उभा करावा. त्याचा विनियोग, देखरेख व हिशेब मात्र शाळेच्या जवळ असावा. गोखल्यांच्या बिलातील तत्त्व याहून निराळे नव्हते.

आता फळाकडे वळू. केंद्र सरकार राज्यांच्या शालेय कारभारास दरवर्षी गुण देत असे. एकूण गुण १०००. त्यांपैकी शासन-प्रक्रियेस ३६० आणि मुलास प्रत्यक्ष काय आले यास १८०. म्हणजे कागद नीट भरला गेला की नाही याची किंमत, मुलास वाचता येते की नाही याच्या दुप्पट! २०२०-२१ साली, जेव्हा महामारीमुळे खेड्यापाड्यांतील शाळांची दारे बहुतेक वर्षभर बंद होती, महाराष्ट्रास या मोजणीत ९२८ गुण मिळून केरळ व पंजाब यांच्या बरोबरीचे स्थान लाभले. हे गुण खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. ते ज्या गोष्टीचे आहेत ती गोष्ट निराळी आहे, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरी मोजणी प्रथम या संस्थेने २००५ पासून चालविलेली 'असर' या नावाची. तिचे स्वयंसेवक खेड्यात घरोघर जाऊन मुलापुढे एक परिच्छेद ठेवतात आणि वाच म्हणतात. तिच्या २०१८ च्या पाहणीत देशातील ग्रामीण सरकारी शाळांच्या तिसरीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी शेकडा २०.९ होती, शाळाबंदीनंतर २०२२ साली ती १६.३ वर आली आणि २०२४ साली २३.४ पर्यंत चढली. पाचवीच्या मुलांचे हेच आकडे ४४.२, ३८.५ व ४४.८ असे आहेत. महाराष्ट्रातही २०१८ ते २०२२ या अवधीत वाचनाची अशीच घसरण दिसून आली. पडलेले मूल उठले, ही समाधानाची गोष्ट खरीच, आणि तिचे श्रेय वर्गातील शिक्षकांस दिले पाहिजे. परंतु पाच वर्षे शाळेत बसून निम्म्याहून अधिक मुलांस दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर त्या चढत्या आकड्यावर पेढे वाटावेत अशी स्थिती नाही. आणि नेमक्या याच काळात ग्रामीण महाराष्ट्रातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा ६१.६ वरून ६७.४ वर गेले. रोजगार बुडाला, खासगी शाळेची फी परवडेना, तेव्हा लोक पुन्हा याच शाळेच्या दारी आले. संकटात जी उघडी राहते तीच समाजाची खरी शाळा.

उत्तम शाळा याच व्यवस्थेत निर्माण होऊ शकतात, हेही तितकेच खरे. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घटून बंद पडण्याच्या बेतात आली होती; गावकरी व शिक्षक यांनी मिळून ती सावरली आणि २०२५ साली लोकसहभागासाठी जगातील नामांकित शाळांच्या यादीत तिचे नाव झळकले. तेथे अभ्यासक्रम तोच, पगार तोच, अनुदान तेच. फरक एवढाच की शाळेस धनी मिळाला, आणि तो धनी म्हणजे तेथील गाव.

सरकारची पावले मात्र अन्य दिशेने पडताना दिसतात. २०२३ च्या सप्टेंबरात दोन योजना पुढे आल्या. पहिली समूहशाळांची: वीसपर्यंत पट असलेल्या सुमारे १४,७०० शाळांतील मुले शक्य तेथे एका मोठ्या शाळेत आणण्याचा विचार, आणि त्यासाठी पानशेत व तोरणमाळ यांचे दाखले. मोठ्या शाळेत ग्रंथालय, क्रीडांगण व विषयवार शिक्षक मिळतात, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण पाड्यावरील सात वर्षांच्या मुलीस ओढा ओलांडून पाच कोस गाडीने जावे लागले, आणि पावसाळ्यात ती गाडीच आली नाही, तर तिची शाळा तेथेच संपली. हा निर्णय कोणाचा असावा? आमच्या मते, त्या पाड्यातील आईबापांच्या लेखी संमतीवाचून एकही शाळा हलविता कामा नये. दुसरी योजना शाळा दत्तक देण्याची: देणगीदाराने शाळेस साहाय्य करावे व मोबदल्यात शाळेच्या नावास आपले नाव जोडावे. आमच्या व्यापारी बंधूंचे औदार्य सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रातील कित्येक शाळा, धर्मशाळा व दवाखाने त्याची साक्ष देतील. तथापि एक गोष्ट आम्ही त्यांस नम्रपणे सुचवितो. आपण कर भरून जी शाळा चालविता ती आपलीच आहे. तिला दत्तक घेण्यापूर्वी तिच्या जन्मदात्यास त्याच्या कर्तव्याची आठवण करून द्या. देणगीने पाटी मिळते, हिशेब मिळत नाही. आणि हिशेबाच्या पाठबळावाचून दिलेली देणगी गळक्या रांजणात ओतलेल्या पाण्याप्रमाणे होय.

तर मग करावयाचे काय? नवा कायदा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही; आहे तोच कायदा पुष्कळ पुरेसा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती असते. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावा व मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवावी, असे तो कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी ही समिती कागदावर भरते आणि सह्यांचे पुस्तक घरोघर फिरते. पालक बिचारे मोलमजुरीस गेलेले. त्यांस इतिवृत्त कोणी वाचून दाखवीत नाही. येथेच सुशिक्षित नगरवासीयांचे काम सुरू होते. समितीतील उरलेल्या जागांत शिक्षणाची जाण असलेल्या स्थानिक गृहस्थास वा बाईस स्थान मिळू शकते. निवृत्त शिक्षक, वकील, हिशेबनीस, दुकानदार यांनी आपल्या वस्तीतील शाळेस महिन्यातून एक सायंकाळ दिली, तरी मजुराच्या बायकोस आपल्या बाजूने बोलणारा एक सोबती मिळेल.

दुसरे, तक्रारीचा मार्ग माहीत करून घ्यावा. कलम ३२ अन्वये कोणीही लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करू शकतो, आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे. न लागल्यास वा न पटल्यास राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य कामास शिक्षकास जुंपता येत नाही, असे कलम २७ सांगते. या दोन कलमांची ओळख शाळेच्या भिंतीवर पाढ्यांच्या शेजारी लिहून ठेवावी.

तिसरे, सरकारने व पालिकांनी तीन गोष्टी कराव्यात. राज्य शिक्षण कर म्हणून प्रत्येक शहरातून किती वसूल झाले आणि त्या शहराच्या शाळांस किती परत आले, याचा ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. शाळेचे वार्षिक अनुदान शाळा उघडण्यापूर्वी तिच्या खात्यात जमा व्हावे. आणि प्रत्येक शाळेच्या दारावर एक फलक लागावा: पट किती, मंजूर शिक्षक किती व हजर किती, पैसा किती आला व कशावर गेला, आणि तिसरीच्या मुलांपैकी कितींना धडा वाचता येतो. चार ओळींचा हा फलक मंत्रालयातील जाडजूड अहवालांपेक्षा अधिक काम करील. कारण तो वाचणारा मनुष्य त्याच रस्त्याने रोज जात असतो.

चौथे, जिल्हा परिषदा व नगरपालिका यांच्या निवडणुका कोणत्याही सबबीवर लांबू देता कामा नयेत. उमेदवार दारी आला म्हणजे गटार व दिवाबत्ती यांविषयी आपण त्यास विचारतोच. आपल्या प्रभागातील शाळेत किती वेळा गेलात, हा प्रश्नही त्यास विचारावा. एकाही मतदाराने हा प्रश्न विचारला नाही तर तो शाळेत जाणार नाही, आणि त्याबद्दल त्यास नावे ठेवण्याचा अधिकारही आपल्यास राहणार नाही.

आमच्या मुलांचा त्या शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, उद्या आपल्या दुकानात माल मोजणारा, आपल्या घरी औषध देणारी परिचारिका, आपली गाडी हाकणारा आणि आपल्याबरोबर रांगेत उभा राहून मत देणारा, ही सारी आज त्याच वर्गात बसलेली आहेत. त्यांस नीट वाचता आले नाही तर तोटा त्यांचा आहेच, पण तो आपल्या खात्यावरही पडल्यावाचून राहणार नाही. कायद्याने ही शाळा स्थानिक प्राधिकरणाची, पैशाने ती करदात्याची आणि हक्काने ती मुलाची. या तिघांपैकी मूल तेवढे रोज हजेरी लावते. उरलेल्या दोघांनी आपली हजेरी कधी लावावयाची, हे आता ठरविले पाहिजे.